सहा मिनिटांत तीन नाच? आधी बांबू धरायला शिका

प्रश्न थोडक्यात असा. फिलिपिन्समधल्या दावाओ शहरात मेडिकलला शिकणारी आपली १४ मराठी मुलंमुली आहेत. कॉलेजच्या सांस्कृतिक कार्यक्रमात परदेशी विद्यार्थ्यांनी फिलिपिनो लोकनृत्य सादर करायचं ठरलंय. हातात तीन आठवडे, स्टेजवर सहा मिनिटं. यूट्यूब बघून त्यांनी बेत आखलाय: सुरुवातीला डोक्यावर दिवे घेऊन पांडांगो, मध्ये पंखे फिरवत सिंगकिल, मग बांबूवरचं टिनिक्लिंग आणि शेवटी 'आपला टच' म्हणून लेझीम. विचारलंय ते एवढंच: स्टेप्स पटकन कशा बसवायच्या, पाय बांबूत सापडू नये म्हणून काय करायचं आणि टिनिक्लिंग हे इथलं राष्ट्रीय नृत्य आहे असं निवेदनात म्हटलं तर चालेल का.

मी मनिलात १९ वर्षं आहे. नवऱ्याच्या नोकरीमुळे आले. कथक अर्धवट सुटलं होतं, हातपाय शिवशिवत होते, म्हणून क्विझॉन सिटीतल्या एका हौशी नाचमंडळात जायला लागले. पहिलं वर्षभर मला नाचूच दिलं नाही, बांबू धरायला बसवलं. तेव्हा राग यायचा. आता शाळेतल्या मुलांना शिकवते आणि मीही तेच करते.

राष्ट्रीय नृत्याचं आधी उरकून टाकू. निवेदनात तसं म्हणू नका. इथल्या शाळांमधून पिढ्यान्‌पिढ्या 'कारिन्योसा' हे राष्ट्रीय नृत्य म्हणून पाठ करून घेतलं गेलं. देशाबाहेर तो मान टिनिक्लिंगला मिळाला. कायद्याने तो दोघांपैकी कुणालाच नाही. कायदा करून मान मिळाला तो आर्निस या काठ्यांच्या खेळाला, २००९ साली, राष्ट्रीय खेळ म्हणून. 'फिलिपिन्सचं सगळ्यांत ओळखीचं लोकनृत्य' एवढं म्हटलंत तरी पुरे, आणि ते खरंही आहे.

आता मुख्य गोष्ट. तुमची अडचण स्टेप्सची नाही. चौदा तरुण पोरं तीन आठवड्यांत कुठल्याही स्टेप्स शिकतात. अडचण अशी की ज्यांना तुम्ही एका देशाचे तीन नाच समजताय ते तीन वेगळ्या लोकांचे नाच आहेत. पांडांगो सा इलाव मिंदोरोजवळच्या लुबांग बेटावरचं, स्पॅनिश फांदांगोचं इथल्या मातीत रुजलेलं रूप. टिनिक्लिंग लेयते बेटावरच्या शेतकरी ख्रिश्चन विसायन लोकांचं. आणि सिंगकिल मिंदानाव बेटावरच्या लानाव सरोवराकाठच्या मारानाव मुसलमानांचं. कुणी मराठी संस्कृती म्हणून सहा मिनिटांत कोळीनृत्य, दशावतार आणि गोंधळ एकाला एक जोडून दाखवले तर आपण टाळ्या वाजवू, पण घरी येऊन काय बोलू ते आपल्याला ठाऊक आहे. गॅदरिंगमधलं कोळीनृत्य आठवा. गुडघ्यापर्यंतची लुंगी, गळ्यात रुमाल, हातात पुठ्ठ्याचं वल्हं, आणि त्या बावीस मुलांत कोळ्याचं एकही नाही. त्यात वाईट कुणाचंच नसतं. पण समोरच्या रांगेत वर्सोव्याची एखादी आजी बसली असेल तर तिच्या चेहऱ्याकडे बघावंसं वाटत नाही.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या मी इथून ठरवू शकत नाही. कार्यक्रमाला गुण आहेत की नुसती हौस? तुमच्या वर्गात मारानाव मुलं आहेत का? स्टेज लाकडी आहे की फरशीचं? शिकवायला तिथला कुणी आहे की फक्त मोबाइल? यातली दोन उत्तरं बदलली की माझा सल्लाही बदलेल. तरी आहे त्या माहितीवर माझं मत स्पष्ट आहे: एकच नाच करा, टिनिक्लिंग, आणि तो नीट करा. का, ते सांगते.

यूट्यूबवर जे दिसतं ते नेमकं काय आहे, इथून सुरुवात करू. १९२०च्या दशकात फ्रान्सिस्का रेयेस-अक्विनो नावाच्या एका शारीरिक शिक्षणाच्या शिक्षिकेने गावोगाव हिंडून हे नाच टिपायला सुरुवात केली. १९२६ साली फिलिपिन्स विद्यापीठात त्यांनी यावर प्रबंध दिला. पुढे मात्रा, पावलं, रचना, वेश असं सगळं लिहून त्यांनी ग्रंथच्या ग्रंथ काढले. १९६२ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला आणि १९७३ साली नृत्यासाठीच्या पहिल्या राष्ट्रीय कलावंत म्हणून त्यांचा गौरव झाला. हे नाच इथल्या प्रत्येक शाळेत पोचले ते कलेच्या तासातून नाही, पीटीच्या तासातून. आपल्याकडे लेझीम जशी पीटीच्या सरांनी शिट्टीवर शिकवली, तसंच. याचा फायदा असा की तुमच्या कॉलेजमधल्या पीईच्या बाईंना टिनिक्लिंग मात्रेमात्रेसकट पाठ असणार. तोटा असा की पावलं तंतोतंत टिकतात आणि नाच कुणाच्या अंगणातला होता ते हळूहळू पुसलं जातं.

दुसरा टप्पा १९५७चा. फिलिपिन विमेन्स युनिव्हर्सिटीत हेलेना बेनितेस यांनी 'बायानिहान' हा संच उभा केला. ल्युक्रेशिया रेयेस-उर्तुला यांची नृत्यरचना, ल्युक्रेशिया कासिलाग यांचं संगीत. १९५८ साली ब्रसेल्सच्या जागतिक प्रदर्शनात ते नाचले आणि जगाने फिलिपिन्सचे नाच पहिल्यांदा डोळे विस्फारून पाहिले. पण युरोपातल्या रंगमंचावर गावातला तासभर चालणारा संथ नाच चालत नाही. म्हणून तो पाच मिनिटांचा झाला, वेग वाढला, रांगा सरळ झाल्या, शेवटाला टाळ्या घेणारी जागा आली. डोंगरातले नाच एका गठ्ठ्यात, स्पॅनिश वळणाचे दुसऱ्या, मुसलमानांचे तिसऱ्या, अशी मांडणीही रूढ झाली. तुम्ही मोबाइलवर बघताय ते बहुतेक याच घराण्याचं, किंवा त्याच्या नकलेची नकल. बायानिहानला मी नावं ठेवत नाही. त्यांनी हे केलं नसतं तर मी पुण्यात बसून टिनिक्लिंग हा शब्दही ऐकला नसता. त्याच संचात नाचलेले रामोन ओबुसान यांनी १९७२ साली वेगळा संच काढला तो नेमका उलट्या हट्टाने: नाच मूळ गावात दिसतो त्याच्या जितकं जवळ जाता येईल तितकं जायचं. दोघंही राष्ट्रीय मानाला पोचले, आणि इथे नाच शिकवणारा प्रत्येक जण या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी उभा असतो. मी ओबुसानच्या बाजूला जरा जास्त कलते, हे आधीच सांगून ठेवते.

आता सिंगकिल. तुम्हाला ते सगळ्यांत जास्त आवडलंय हे प्रश्नावरूनच कळतं, आणि आवडणारच. आडवे-उभे बांबू आपटतायत, मधून एक राजकन्या दोन्ही हातांत पंखे घेऊन चालली आहे, चेहरा शांत, मागे छत्री धरलेली दासी. गोष्टही देखणी आहे: राजपुत्र बांतुगानवर रुष्ट झालेल्या अदृश्य शक्ती जंगलात भूकंप घडवतात आणि राजकन्या गांदिंगान कोसळणारी झाडं, गडगडणारे दगड चुकवत चालत राहते. बांबू म्हणजे ती झाडं. ही गोष्ट मारानाव लोकांच्या 'दारांगेन' या महाकाव्यातली. १७ पर्वं, ७२,००० ओळी. लग्नसमारंभात अनेक रात्री गायलं जातं. युनेस्कोने २००५ साली त्याची दखल घेतली, २००८पासून ते मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत आहे.

इथे आपल्या लोकांचा पाय हमखास घसरतो. दारांगेनची मुळं इस्लामच्या आधीची आहेत आणि जुन्या संस्कृत परंपरेशी त्याचं नातं आहे. मारानाव भाषेत 'महाराडिया लावाना' नावाची कथा आहे, आणि लावाना म्हणजे आपला रावणच. इथल्या भाषांत दिवाता म्हणजे देवता, गुरो म्हणजे गुरू, मुखा म्हणजे मुख. पहिल्यांदा हे कळलं तेव्हा मीही नाचायचं सोडून आईला फोन लावला होता. पण तिथून 'म्हणजे हे मुळात आपलंच की' इथवर यायला आपल्याला पाच मिनिटं लागतात, आणि पुढच्या पाच मिनिटांत राजकन्येची सीता होते. असं करू नका. मारानाव माणसं कित्येक शतकं मुसलमान आहेत. हे काव्य त्यांनी त्यांच्या भाषेत, त्यांच्या मानापमानांसकट जपलंय. तुमच्या निवेदनात रामायणाचा 'र' आला तर समोर बसलेल्या मारानाव मुलाला वाटेल की पाहुणे घरात आले आणि भिंतीवरच्या फोटोला आपल्या आजोबांचं नाव देऊन गेले.

माझ्या हातून काय झालं ते सांगते. तिसऱ्या-चौथ्या वर्षी एका कार्यक्रमात आम्ही सिंगकिल केलं. मी राजकन्येच्या मागच्या रांगेत होते. टाळ्या भरपूर पडल्या. नंतर कपडे बदलत असताना साठीच्या एक बाई आत आल्या. मारानाव. आवाज अगदी हळू. त्यांनी माझ्या मालोंगची कड बोटांत धरली. मालोंग म्हणजे नळीसारखं शिवलेलं मोठं वस्त्र. मारानाव मालोंगवर लांगकित नावाची विणलेली नक्षीची पट्टी असते, आणि आमच्यावर ती होती बाजारातली छापील. मग त्या म्हणाल्या, ''हातांची बोटं तुम्ही सुलूच्या लोकांसारखी वळवत होता. राजपुत्राचा फेटा कोताबातोकडचा होता. आणि पत्रिकेत लिहिलंय 'मुस्लिम नृत्य'. मुस्लिम हे कुठलं गाव?'' रागावल्या नव्हत्या. लांगकितची घडी नीट करून दिली आणि गेल्या.

त्यांचं एकूण एक बोलणं खरं होतं. सुलू आणि कोताबातो हे वेगळ्याच मुसलमान समाजांचे भाग. बोटं मागे वळवण्याची ती नजाकत सुलूच्या ताउसुग लोकांच्या पांगालाय या नाचाची, जिथे नाचणारी बोटांवर जांगाय नावाची धातूची लांब नखं चढवते. आमच्या दिग्दर्शकाला ती सुंदर वाटली, म्हणून घेतली. सिंगकिल हे मुळात बायकांचं, मानाच्या घरच्या मुलींनी शिकावं असं. घुंगरांच्या पैंजणांशी आणि पाय अडकण्याशी त्या शब्दाचंच नातं आहे. आमच्या कुणाच्या पायात पैंजण नव्हते. त्यात आता आणखी एक गोष्ट. २०१७ साली मारानाव लोकांच्या मारावी शहरात पाच महिने लढाई चालली आणि शहराचा मधला भाग उद्ध्वस्त झाला. पुष्कळ मारानाव कुटुंबांनी तेव्हा घरं सोडली. कोसळत्या जगातून चालत जाणाऱ्या राजकन्येचा नाच त्यांच्यासमोर करताना हे माहीत नसणं बरं नाही.

मग बाहेरच्या माणसाने हे करूच नये का? तसं मी म्हणत नाही, नाहीतर मला स्वतःलाच घरी बसावं लागेल. लिगाया फर्नांदो-आमिलबांगसा यांचं उदाहरण घ्या. त्या जन्माने ताउसुग नाहीत. लग्न होऊन सुलू-तावीतावीकडे गेल्या, तिथे वर्षानुवर्षं राहिल्या, तिथल्या बायकांकडून पांगालाय शिकल्या, नोंदी केल्या, मग शिकवायला लागल्या. २०१५ साली त्यांना मॅगसेसे मिळालं. म्हणजे दार उघडं आहे, फक्त आत जायला वर्षं लागतात. तुमच्याकडे २१ दिवस आहेत.

दावाओत असल्याचा तुम्हाला एक फायदा मात्र आहे, जो मला मनिलात नव्हता. ऑगस्टमध्ये तुमच्याकडे कादायावान हा उत्सव होतो, त्यात ज्या ११ समाजांना मान असतो त्यांत मारानाव आहेत. वर्गात, बाजारात, खानावळीत ही माणसं तुम्हाला रोज भेटत असणार. एखाद्या वर्गमैत्रिणीला सहज विचारा. 'आम्ही केलं तर चालेल ना?' असं मात्र विचारू नका, कारण त्याला कुणीही संकोचाने हो म्हणतं. 'तुझ्या घरचं कुणी शिकवायला येईल का?' असं विचारा. ती म्हणाली, ''मला स्वतःला येत नाही, मी शहरात वाढले,'' तर नवल वाटू देऊ नका. सदाशिव पेठेतल्या मुलाला दशावताराचा पूर्वरंग विचारला तर तो तरी काय सांगणार आहे? आणि कुणाची मावशी खरंच यायला तयार झाली, तर माझा वरचा सगळा सल्ला गुंडाळून ठेवा, टिनिक्लिंग सोडा आणि त्या मावशी म्हणतील ते करा, मग ते पंखा कसा उघडायचा एवढंच का असेना.

पांडांगोबद्दल थोडक्यात. एक दिवा डोक्यावर आणि एकेक दोन्ही हातांच्या पालथ्या बाजूवर. बघायला सोपं वाटतं. मान स्थिर ठेवून गुडघ्यांतून हलायला शिकायलाच महिना जातो, आणि नवशिक्याच्या डोक्यावर पेटता दिवा मी कधीच ठेवत नाही. आमच्याकडे आधी पाण्याने अर्धा भरलेला ग्लास असतो. ज्या दिवशी कपाळ कोरडं राहतं त्या दिवशी मेणबत्ती. तुमच्यातल्या कुणी भरतनाट्यम केलं असेल तरी आठवडाभरात जमणार नाही, कारण तिथे मान चालवायची सवय असते आणि इथे ती विसरायची असते. हा नाच पुढच्या वर्षी करा.

आता टिनिक्लिंग, सविस्तर.

टिकलिंग हा पाणथळीतला लांब पायांचा पक्षी, भातखाचरातून फिरणारा. शेतकऱ्यांनी लावलेले बांबूचे सापळे तो चुकवतो, त्या चालीवरून हा नाच आला अशी समजूत. स्पॅनिश मालक मजुरांच्या पायांवर बांबू मारायचे, त्यातून नाच निघाला, अशीही एक गोष्ट तुम्हाला व्हिडिओखाली वाचायला मिळेल. ती निवेदनात घालू नका. रेयेस-अक्विनोंच्या नोंदीत पक्षी आहे, तेवढा पुरेसा आहे. आणि नाचताना तो डोळ्यांसमोर ठेवलात तर अंग आपोआप बरोबर राहतं: वरचा भाग हलका, सरळ, पावलं उचलून टाकलेली. आपली मुलं लेझमीच्या सवयीने कमरेतून वाकतात आणि जमिनीवर पाय आपटतात. इथे आपटायचं काम बांबूचं.

बांबू प्रत्येकी साधारण नऊ फुटांचे, सरळ, दोन. खाली दोन्ही टोकांशी लाकडाचा एकेक जाड ठोकळा, दोन इंच उंच आणि अडीच फूट लांब. बांबू आणायला स्वतः जा, आणि दुकानात आपटून बघा. हिरवा बांबू जड असतो आणि त्याचा आवाज भिजल्या चपलेसारखा येतो. फार वाळलेला खणखणीत वाजतो, पण तिसऱ्या दिवशी उभी चीर जाते आणि त्या चिरेत कातडी सापडते. मधला घ्या. पेरं कानशीने घासा, मग पॉलिश पेपर, मग ओल्या फडक्याने पुसून हात फिरवून बघा. एकही कूस लागता कामा नये, कारण नाचायचं अनवाणी आहे.

ताल तीन मात्रांचा. एकीला बांबू एकमेकांवर, दोन आणि तीनला उघडून ठोकळ्यावर. मिट, उघड, उघड. इथले शिक्षक 'सारा, बुकास, बुकास' म्हणतात. मिट म्हणजे पाय बाहेर, उघड-उघड म्हणजे आत, आत. आता गंमत बघा: पावलं तीन आणि पाय दोन. म्हणजे पहिल्या आवर्तनात बाहेर उजवा असेल तर पुढच्या आवर्तनात पलीकडच्या बाजूला बाहेर डावा येणार. उजवा बाहेर, डावा आत, उजवा आत. डावा बाहेर, उजवा आत, डावा आत. आपल्या अंगात केरवा मुरलेला असतो. चौथी मात्रा कुठून तरी उगवते आणि तिथेच घोटा सापडतो. माझ्याकडे आलेल्या भारतीय मुलांपैकी जवळजवळ सगळ्यांचा पहिला फटका याच कारणाने बसला, घाबरून नाही.

म्हणून पहिले चार दिवस बांबू आणूच नका. जमिनीवर खडूने दोन रेघा ओढा आणि तोंडाने बोल म्हणत चाला. मेसच्या रांगेत उभे असाल तेव्हाही बोटांनी मांडीवर तीनच मोजा. मग रेघांच्या जागी इलॅस्टिकची दोरी धरा. त्यानंतर बांबू, पण जमिनीवर उघडे आणि स्थिर. शेवटी हलते. बांबू हलायला लागले की नजर खाली जाते, कारण भीती खालीच असते. खाली बघून नाचणारी मुलगी नेहमी अर्धी मात्रा उशिरा पडते. आवाज ऐका आणि समोरच्याच्या चेहऱ्याकडे बघा. हे सांगून होत नाही. मी नवशिक्याच्या समोर उभी राहते आणि त्याला त्याच्या गावाचं नाव, वडिलांचं काम, सकाळी काय खाल्लं असं विचारत राहते. उत्तर देता देता पाय चालायला लागतात.

खरं शिक्षण बांबू धरणाऱ्यांचं. चौदा जणांत सगळ्यांनाच नाचायचं असतं, आणि ज्यांना जमत नाही त्यांना बांबू धरायला बसवतात. हीच चूक. ज्याचा ताल सगळ्यांत पक्का त्याला खाली बसवा. नाचणारा चुकला तर एकटा चुकतो, बांबूवाला चुकला तर सगळे चुकतात. मी वर्षभर बसले ते याचसाठी, हे मला उठल्यावर कळलं. पकड वरून आणि बाहेरच्या बाजूने, बोटं बांबू आणि ठोकळ्याच्या मध्ये कधीच नाहीत. उजव्या हाताच्या मधल्या बोटाचं नख मी असंच घालवलं होतं. बांबू हवेत उंच उचलायचा नाही, दोन बोटं वर, तेवढाच. मिटताना पकड किंचित सैल, म्हणजे मध्ये पाय आलाच तर बांबू हातातून मागे सरकतो आणि लागतं ते नुसतं चापटीसारखं. मुठी घट्ट आवळून बसलेला बांबूवाला धोकादायक. आणि नाचणारा अडखळला तरी ताल थांबवायचा नाही. त्याने बाहेर पडून पुढच्या मिटला परत आत यायचं. दोन्ही टोकांचे दोघं दर तीन मिनिटांनी बदला, खांदे भरून येतात.

वेग शेवटी वाढवतात, प्रेक्षकांना ते हवंच असतं. पण आधीचा संथ भाग खराखुरा संथ ठेवा. संगीत शक्यतो रोंदाल्याचं लावा, म्हणजे बांदुर्रिया, गिटार वगैरे तंतुवाद्यांचा ताफा. व्हिडिओच्या वेगावर सराव करू नका, मोबाइलवर वेग पाऊणपट करून सुरुवात करा आणि दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी पूर्ण वेगावर या. तिसऱ्या आठवड्यात नवीन काहीही घालायचं नाही.

वेश: मुलींना पातादयोंग, म्हणजे चौकटीचं नळीसारखं नेसायचं वस्त्र, आणि वर किमोना नावाचा पातळ ब्लाउज. मुलांना बारोंग, म्हणजे इथला सैल शर्ट, आणि पोटऱ्यांपर्यंत दुमडलेली विजार. भाड्याच्या दुकानात तुम्हाला फुगीर बाह्यांचा, घोळदार मारिया क्लारा हा पोशाख दाखवतील, कारण तो महाग असतो. तो कारिन्योसासारख्या दिवाणखान्यातल्या नाचांचा. शेतातल्या पक्ष्याचा नाच करताना घेर बांबूत जाईल आणि तुम्ही तोंडावर पडाल.

लेझीम जरूर करा, पण वेगळी. टिनिक्लिंग संपू द्या, बांबू उचलून न्या, निवेदकाला दोन वाक्यं बोलू द्या आणि मग या. तीन मात्रांतून चारांत उडी मारताना पायांचा जो गोंधळ होतो तो स्टेजवर होऊ नये. वेळ उरला नाही तर लेझीम कापा. ती तुम्हाला येतेच, ती दाखवायला दुसरे कार्यक्रम मिळतील.

आणि तुमच्या पीईच्या बाईंना पहिल्याच आठवड्यात बोलवा, रंगीत तालमीला नाही. त्या बहुधा हसतील, 'हिनाय-हिनाय' म्हणतील, म्हणजे बिसाया भाषेत सावकाश, आणि चपला काढून स्वतःच आत उतरतील. त्या कशा उतरतात ते तेव्हा नीट बघून घ्या.

आठ-दहा दिवसांनी सरावाचा व्हिडिओ इथे टाका. मोबाइल खाली ठेवा, बांबू धरणाऱ्यांच्या हातांवर. पाय मी नंतर बघेन.